गाडी आणि मुक्काम (लेखांक ५) : झटपट तंबूची खरी वेळ

मे महिना सरत आला की घोटीहून भंडारदऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर शनिवारी दुपारपासून गाड्यांची रीघ लागते. काजव्यांचे दिवस असतात. मुंबई-ठाण्याच्या, नाशिकच्या, पुण्याच्या गाड्या शेंडी ओलांडून मुतखेल, रतनवाडी, पांजरे, उडदावणे, घाटघर अशा गावांकडे पांगतात. बरेच जण गावकऱ्यांनी मालकीच्या रानात लावून ठेवलेल्या तंबूंत उतरतात, पण डिकीत स्वतःचा तंबू टाकून येणारी कुटुंबेही आता कमी नाहीत. तंबू विकत घेताना या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती वेळात उभा राहतो?

प्रश्न रास्त आहे. चार-पाच तास गाडी चालवून अंग आंबलेले असते, मुले कुरकुरत असतात, दिवस मावळायला टेकलेला असतो. पण खोक्यावर छापलेली मिनिटे सपाट जागी, वारा पडलेला असताना, सरावलेल्या हातांना लागणारी असतात. शिवाय ती तंबू नुसता उभा राहण्याची वेळ असते. तो जमिनीला बांधून पक्का करायला लागणारा वेळ तिच्यात धरलेला नसतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओलाचिंब तंबू गुंडाळून पिशवीत कोंबायला लागणारा वेळ तर नसतोच. अकोले तालुक्याच्या या पश्चिम टोकाला तंबूची परीक्षा नेमकी या दोन वेळांना होते. म्हणून गेल्या लेखांकात गाडीतच झोपण्याची सोय पाहिल्यावर आता जमिनीवरचा तंबू निवडताना याच दोन वेळांपासून सुरुवात करणे बरे.

झटपट तंबूचे नाते मोटारीशी जुने आहे. फोर्ड कंपनीच्या ‘फोर्ड टाइम्स’ मासिकासाठी चित्रे काढणारे अमेरिकी चित्रकार बिल मॉस यांनी १९५५ साली ‘पॉप टेंट’ तयार केला. वाकणाऱ्या काड्यांवर कापड ताणायचे, मधे खांब नाही, अशी त्याची रचना होती. आजचे घुमटाकार तंबू त्याच विचारातून पुढे आले. पुढे २००५ साली डेकॅथलॉनच्या केचुआ या नावाखाली ‘टू सेकंड्स’ तंबू आला. त्याच्या लवचीक कड्या दुमडून चकतीत बसवलेल्या असतात. चकती सोडली की तंबू हवेतच उघडतो.

हा चकतीचा प्रकार पाहणाऱ्याला भुरळ पाडतो, पण त्याची खरी किंमत गुंडाळताना कळते. दोन्ही टोके जवळ आणायची, वरचा भाग दाबून खाली वळवायचा, मग पीळ देत कड्या एकावर एक बसवायच्या. पीळ उलटा बसला तर तंबू पुन्हा फटकन उघडतो. नव्या माणसाला यात सहज पाव तास जातो आणि वाऱ्यात एकट्याला ते जवळपास अशक्यच असते. दुमडल्यावरही चकती पाऊण मीटरच्या आसपास भरते. एसटीने जाणाऱ्याला ते ओझे नकोसे होईल. गाडीवाल्याला चालते, मात्र छोट्या गाडीच्या डिकीत ती उभीच ठेवावी लागते आणि बाकीचे सामान तिच्याभोवती रचावे लागते.

दुसरा प्रकार छत्रीच्या चालीचा. पोल आधीपासून कापडाला जोडलेले असतात, माथ्यावर एक सांधा असतो, पाय ओढून ताठ केले की तंबू उभा. कोलमनसारख्या कंपन्यांचे ‘इन्स्टंट’ तंबू याच जातीचे. गुंडाळायला ते चकतीपेक्षा खूपच सोपे, पण माथ्याचा सांधा तुटला तर रानात त्याची दुरुस्ती होत नाही. साध्या घुमटाचा पोल तुटला तर त्यावर नळीचा तुकडा सरकवून चिकटपट्टी मारली की रात्र निभते. हवा भरून उभे राहणारे तंबूही मिळतात. ते प्रशस्त आणि वाऱ्यात लवचीक असतात, पण महाग आणि वजनदार. चौथा तो साधा, दोन-तीन पोल एकमेकांवरून ओवून उभा करायचा घुमट. दोघांनी घरी चार वेळा लावून पाहिला तर तोही दहा मिनिटांत उभा राहतो, त्यामुळे केवळ झटपट नाही म्हणून त्याला नाकारू नये.

मग झटपट तंबूचा फायदा तो काय? फायदा आहे, आणि तो या भागात मोलाचा आहे. मेअखेरीस वळीव येतो तो बहुधा दुपारनंतर किंवा संध्याकाळी, म्हणजे नेमका तंबू लावायच्या घटकेला. आधी धुळीचा लोट, मग वारा, मग टपोरे थेंब. साध्या घुमटात बहुतेक वेळा आतला जाळीदार तंबू आधी उभा करावा लागतो आणि मग त्यावर बाहेरचे पाणीरोधक कापड चढवावे लागते. ती पाच-सहा मिनिटे पाऊस थेट अंथरुणाच्या जागेवर पडतो. ज्या तंबूत आतले आणि बाहेरचे कापड जोडलेलेच उभे राहते, त्यात जमीन कोरडी राहते. दुकानात विचारायचा प्रश्न म्हणूनच वेगळा हवा : पावसात लावला तर आतली बाजू भिजते का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो तंबू खरा झटपट, मग त्याला दोन सेकंद लागोत की आठ मिनिटे.

विजा कडाडत असतील तर मात्र कुठलाच तंबू लावू नये. बंद काचांच्या, पत्र्याच्या टपाच्या गाडीत बसून राहणे तंबूपेक्षा कितीतरी सुरक्षित असते. गाडी जवळ असण्याचा हा मोठा लाभ आहे आणि तो घ्यावा.

आता जमीन. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाच्या काठावर तंबूवाल्याला दोन अगदी उलट स्वभावाच्या जमिनी भेटतात. काठापासून वर चढले की बेसॉल्टचा कातळ आणि त्यावर वीतभर माती. तंबूबरोबर येणारी तारेसारखी बारीक मेख दोन-तीन इंच जाते, दगडाला ‘टण्’ करून थांबते आणि पुढच्या घावाला वाकते. खाली पाण्याजवळ उन्हाळ्यात पाणी उतरून गाळ उघडा पडलेला असतो, वरून तडकलेला, आत ओलसर. तिथे मेख लोण्यात सुरी जावी तशी आत जाते आणि तितक्याच सहज वाऱ्याच्या एका झटक्याने वर येते.

यावरून निवडीचा पहिला निकष ठरतो. तंबू मेखांवाचून स्वतःच्या पोलवर उभा राहणारा हवा. बोगद्यासारखे लांबट तंबू ऐसपैस असतात, पण दोन्ही टोकांना मेखा धरल्याशिवाय ते उभेच राहत नाहीत. कातळावर त्यांचा निभाव कठीण.

मेखांशिवाय उभा राहिला म्हणून तंबू बांधायचा नाही, असे मात्र नव्हे. रिकामा तंबू वारा उचलून नेतो, आणि घाटघरच्या कोकणकड्यावरून येणाऱ्या वाऱ्याला दया माहीत नाही. कातळावर तणाव्याच्या फासात एक आडवी काठी अडकवून तिच्यावर दगड रचावेत. गाळात कापडी पिशवीत माती भरून, तिला दोरी बांधून ती हातभर खोल पुरावी. मातीची खोली बरी असेल तिथे हार्डवेअरच्या दुकानातले नऊ-दहा इंची जाड खिळे आणि एक हातोडी पुरते. पाठीवर सामान वाहणाऱ्या गिर्यारोहकाला हे ओझे परवडत नाही, गाडीवाल्याला परवडते. जाड पोल, जड मेखा, मोठे बाहेरचे कापड हे सारे त्याने बिनधास्त घ्यावे. गाडीने जायचे आणि तंबू मात्र सर्वांत हलका म्हणून निवडायचा, यात काहीच हशील नाही.

हे शहाणपण शिकायला दूर जायला नको. आषाढीच्या आधी संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते आणि अहिल्यानगर, मिरजगाव, करमाळा या वाटेने पंढरपूरला जाते. दिंडीचा ट्रक पुढे निघतो आणि वारकरी चालत मुक्कामी पोचेपर्यंत राहुट्या उभ्या असतात. ट्रकवरच्या पोरांचे काम पाहण्यासारखे असते. एकजण बांबू धरतो, दुसरा घणाने लोखंडी मेख ठोकतो, तिसरा तणावा ओढून गाठ मारतो, आणि कोणी कोणाला काही विचारत नाही. राहुटीत झटपट म्हणावे असे एकही यंत्र नाही. वेग येतो तो वाटून घेतलेल्या कामातून आणि मोडायला काहीच नाजूक नसल्यामुळे.

पैसा मुबलक असणाऱ्यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. १६६४ च्या अखेरीस औरंगजेबाच्या छावणीबरोबर काश्मीरकडे निघालेला फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो, की बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एक वापरात असताना दुसरा ‘पेशखाना’ एक मजल पुढे जाऊन उभा राहिलेला असे.

पाऊस हा दुसरा निकष, आणि त्याबाबत अहिल्यानगर जिल्ह्याचे दोन तुकडे पडतात. अहिल्यानगर शहराला वर्षाकाठी सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर घाटघर-रतनवाडीला त्याच्या कैक पट. पारनेर-श्रीगोंद्याच्या माळावर हिवाळ्यात रात्र काढायची असेल तर जवळपास कोणताही तंबू चालेल. अकोल्याच्या डोंगरात तसे नाही.

कापडावर ‘१५०० मिमी’, ‘३००० मिमी’ असे लिहिलेले असते. हा पावसाचा आकडा नव्हे. कापडावर पाण्याचा स्तंभ किती उंच चढवला तर पाणी झिरपू लागते, ती उंची म्हणजे हा आकडा. बाहेरच्या कापडाला दोन हजारांच्या आसपासचा आकडा पुरतो. तळाला जास्त हवा, कारण ओल्या जमिनीवर माणूस गुडघा टेकतो तेव्हा त्या एका जागी दाब फार वाढतो. पण आकड्यापेक्षा शिवण महत्त्वाची. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे की नाही, हे दुकानातच उलटून पाहावे. स्वस्त घुमटांचे बाहेरचे कापड माथ्यावर टोपीसारखे असते आणि बाजू उघड्या राहतात. सह्याद्रीतला पाऊस आडवा येतो, तेव्हा कापड जमिनीला टेकेल इतके खाली आलेले हवे.

तंबूखाली ताडपत्री घातली तर ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटे लहान असावी. बाहेर डोकावणारी कड पावसाचे पाणी गोळा करून थेट अंथरुणाखाली आणते.

पाऊस नसतानाही तंबू आतून ओला होतो. हिवाळ्यात जलाशयाकाठी पहाटे गारठा पडतो, झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते आणि थेंब होऊन खाली टपकते. तंबू गळका निघाला असे समजून लोक दुकानदाराशी भांडतात. एकपदरी तंबूत हे अटळ आहे. दुपदरी तंबूत थेंब बाहेरच्या कापडावरून ओघळून जमिनीला मिळतात, मात्र वरची झडप उघडी ठेवायला हवी. थंडी वाजते म्हणून झडपा बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवणे हा तर जिवावरचा खेळ आहे. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

मापाबाबत एकच सांगायचे. ‘तीन माणसांचा’ तंबू म्हणजे तिघे खांद्याला खांदा लावून झोपतील असा. दोघांनी तिघांचा घ्यावा, दोन मुलांच्या जोडप्याने पाच-सहा जणांचा. पण उभे राहता येईल इतकी उंची हवी म्हणून हट्ट धरू नये, कारण उंच भिंत वारा धरते. बसता आले, कपडे बदलता आले की पुरे. गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावली तर आडोसा होतो, फक्त सायलेन्सरचे तोंड तंबूकडे नको आणि तंबू बाजूला असेपर्यंत इंजिन सुरू करायचे नाही. खाण्याचे सामान रात्री गाडीतच राहू द्यावे. या तालुक्यात बिबट्या आहे आणि कुत्री तर सगळीकडेच आहेत.

काजव्यांच्या दिवसांत वेगाला आणखी एक अर्थ येतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या झाडांवर काजवे चमकतात ते जोडीदाराला खूण देण्यासाठी. अंधारात पोचून हेडलाइट लावून तासभर तंबूशी झटणारे कुटुंब त्या खुणाच पुसून टाकते. उजेडी पोचावे, तंबू लावून दिवे मालवावेत, आणि चमकत्या झाडाच्या बुंध्याशी तंबू मुळीच टाकू नये. काजव्यांच्या अळ्या जमिनीत आणि पाल्यापाचोळ्यात वाढतात. यातली बरीच जागा १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. तिथे मुक्कामाआधी वनखात्याकडे चौकशी करावी, आणि मालकीच्या जागेत त्या घरच्या माणसांना विचारूनच मेख ठोकावी.

राहिली सकाळची गुंडाळणी. ओला तंबू त्याच्या मूळ चिंचोळ्या पिशवीत जात नाही. गाडीत एक मोठी प्लॅस्टिकची गोणी ठेवावी आणि तंबू तसाच तिच्यात भरावा. घरी आल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तो गच्चीत किंवा गॅलरीच्या दोरीवर सावलीत वाळवावा. कापडाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा थर असतो. ओलीत बंद राहिला की तो विरघळल्यासारखा चिकट होतो, आंबूस वास येतो आणि पुढच्या पावसात ते कापड पाणी अडवत नाही. कडक उन्हात दिवसेंदिवस टांगून ठेवणेही वाईट, त्याने धागा कमजोर होतो. चकतीचा तंबू घेतला असेल तर वाळल्यावर तो गच्चीतच दोन-तीन वेळा उघडून मिटावा. तेव्हाच मेखाही मोजून घ्याव्यात. तीन-चार तरी रतनवाडीच्या मातीत राहिलेल्या असतातच, आणि त्या पुढच्या शनिवारच्या आत आणायला हव्यात.

(पुढील लेखांकात : डिकीमागचा स्वयंपाक, म्हणजे गॅस, स्टोव्ह आणि वाऱ्यात पेटती राहणारी चूल)