बुलढाण्यात राहून सायकॉलॉजी?

बारावीनंतर बीएला मानसशास्त्र घ्यायचंय? घ्या की! समोरच्याच्या मनातलं ओळखता येईल या आशेनं मात्र नको. आपल्याकडची कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची. विषय आहे का, प्रॅक्टिकल होतात का, आधी विचारा.

खरी मजा प्रॅक्टिकलचीच. म्युलर-लायर दृष्टिभ्रमाच्या पट्टीवर दोन रेषा, एकीची बाणटोकं आत, दुसरीची बाहेर. सरकवत सरकवत "झाल्या सारख्या" म्हणायचं आणि मागची स्केल बघायची. फरक निघतोच! भ्रम ठाऊक असूनही डोळा फसतो.

नुसत्या बीएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही बरं. पुढे भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्य कोर्स आणि नोंदणी लागते. अशा तज्ज्ञांची गरज? शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पाच्या 14 जिल्ह्यांत आपला बुलढाणाही आहे.