भाड्याच्या घरातली ओल : आधी कारण, मग दुरुस्ती, मग हक्क

आजचा विषय अगदी घरातला आहे, म्हणजे घरातल्या भिंतीतला. नेरळ माथेरानच्या पायथ्याशी. इथला पाऊस असा, की नेरळ ते अमन लॉज ही मिनीट्रेन दरवर्षी पावसाळ्यात बंदच ठेवावी लागते. त्याच पावसात शेकडो कुटुंबं अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहतात आणि पहाटेच्या लोकलने कल्याण-मुंबईकडे कामाला जातात. जुलै आला की भिंतीवर डाग, कपाटात कुबट वास, कपड्यांवर बुरशी. आणि मग ठरलेला संवाद. मालक म्हणतात, "तुम्ही नीट वापरत नाही." भाडेकरू म्हणतो, "घरच गळकं आहे." दोघांपैकी कुणालाच ओल कुठून येते ते माहीत नसतं. म्हणून आम्ही सुरुवात तिथूनच करणार आहोत. ओल कुठून येते हे कळलं, की दुरुस्ती कुणी करायची याचं निम्मं उत्तर मिळतं.

ओल साधारण चार वाटांनी येते. पहिली वरून : गच्ची, पत्रा, कौलं. डाग छतावर असतो, पाऊस पडला की काही तासांत वाढतो, उघडीप मिळाली की फिका होतो. दुसरी बाजूने. आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूची भिंत सगळ्यात जास्त मार खाते. गिलाव्याला बारीक तडे, खिडकीच्या चौकटीभोवती फटी, छज्जा आखूड, की पाणी आत आलंच. तिसरी खालून. तळमजल्याच्या घरात, चाळीत किंवा बैठ्या घरात जमिनीतलं पाणी भिंतीत वर चढतं. हा पट्टा जमिनीपासून सुरू होतो, साधारण कमरेपर्यंत जातो, आणि तिथे पांढरा क्षार फुलतो. त्याला आपण लोणा म्हणतो. चौथी वाट नळाची : संडास-बाथरूमची फरशी, भिंतीतला पाईप, वरच्या मजल्याचं ड्रेनेज. याची खूण सोपी आहे. ही ओल डिसेंबरातही हटत नाही.

याशिवाय एक पाचवा प्रकार आहे, त्यात पाणी बाहेरून येतच नाही. बंद खोलीत कपडे वाळवणं, स्वयंपाकाची वाफ, भिंतीला चिकटवून ठेवलेलं कपाट. हवेतली वाफ थंड भिंतीवर जमते. मालक जे म्हणतात ते कधी कधी खरं असतं, ते इथे.

मग ओळखायचं कसं? घरच्या घरी तीन तपासण्या करता येतात. एक : भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती हवेतली वाफ. भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीत आहे. दोन : घराला पाण्याचं मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि सकाळी बघा. आकडा पुढे गेला तर लाईन कुठेतरी गळते. तीन : डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. पुढच्या आठवड्यात डाग रेघेबाहेर गेला का, आणि त्या दिवशी पाऊस होता का, एवढं वहीत टिपा. ही वही पुढे फार कामाला येते.

आता काय करू नये. ओल्या भिंतीवर रंग मारू नये. आतून वॉटरप्रूफ रंग किंवा पीव्हीसीचं पॅनेल लावलं की डाग झाकतो, पाणी मात्र भिंतीतच अडकतं. भिंत बाहेरून बंद करायची, मग वाळू द्यायची, मग रंग, हाच क्रम. आपल्या आजी-आजोबांना हे माहीत होतं. जोतं उंच, छपराला लांब वळचण, आणि पावसाआधी घर शाकारणं. काम मे महिन्यात व्हायचं, जुलैत नाही.

बुरशी पुसताना नाका-तोंडाला फडकं बांधा, खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. ओल स्विचबोर्डापर्यंत आली असेल तर मेन स्विच बंद करून आधी वायरमन बोलवा. आणि छताचे पोपडे पडून आतली गंजलेली सळई दिसत असेल, तर तो प्रश्न रंगाचा राहिलेला नाही. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीट फोडतं. त्या खोलीत झोपू नका.

"जरा ओल आहे, त्यात काय" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. दम्याचा आणि श्वसनाच्या तक्रारींचा अशा घरांशी संबंध आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे डिसेंबर 2020 मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. भाड्याच्या घरातल्या बुरशीमुळे त्याचा श्वसनविकार बळावला, असा निष्कर्ष मृत्यूच्या अधिकृत चौकशीत निघाला. त्यानंतर तिथे 2023 मध्ये सामाजिक गृहनिर्माणाच्या घरमालकांना ठरावीक मुदतीत दुरुस्ती करायला लावणारी तरतूद झाली, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आता आपल्याकडचा कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 14 म्हणतं, की उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण मर्यादा आहे : वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. समजा भाडं महिना 8,000 रुपये. वर्षाचे 96,000, म्हणजे वळते करता येतील जास्तीत जास्त 24,000. पावत्या आणि हिशेब मात्र जपून ठेवावे लागतात.

इथे थांबून दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. हा कायदा त्याच्या अनुसूचीतल्या क्षेत्रांनाच लागू होतो, म्हणून ग्रामपंचायतीच्या गावात राहणाऱ्याने ते आधी वकिलाकडून तपासून घ्यावं. दुसरं, आपल्या हातात असतो तो बहुधा 'लिव्ह अँड लायसन्स' करार. त्यात आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो, आणि कलम 14 चा हक्क आपोआप मिळत नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 57 एवढं सांगतं, की जीवाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि आपल्याला नसेल, तर तो त्याने आधी सांगायला हवा. बाकी सगळं करारात काय लिहिलंय त्यावर.

म्हणून सही करण्याआधी एक वाक्य घालून घ्या : "छत, बाहेरील भिंती, ड्रेनेज व मुख्य पाण्याची लाईन यांची दुरुस्ती मालक लेखी कळवल्यापासून 15 दिवसांत स्वखर्चाने करतील, न केल्यास परवानाधारक ती करून खर्च मासिक रकमेतून वळता करील." मालकाला हे पटत नसेल तर निदान पावसाळ्याआधी कळलं. आणि करार नोंदवा. नोंदणीची जबाबदारी कलम 55 ने घरमालकावरच टाकली आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : दुरुस्ती होईपर्यंत भाडं थांबवलं तर चालेल का?
उत्तर : करारात तसं नसेल तर नको. थकबाकी झाली की घर सोडायला सांगण्याचं कारण आपणच हातात देतो. भाडं वेळेवर द्या, बँकेतून द्या, आणि तक्रार लेखी करा. फोनवर बोललात तरी नंतर व्हॉट्सॲपवर लिहा : "काकी, आज बोलल्याप्रमाणे बेडरूमची पश्चिमेची भिंत ओली आहे, फोटो जोडले आहेत." भाषा गोड ठेवा, तारीख मात्र असू द्या.

प्रश्न : मालक म्हणतात, बिल्डरची चूक आहे, मी काय करू?
उत्तर : मालक करू शकतात. रेराच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. हा हक्क फ्लॅट घेणाऱ्याचा आहे, आपला नाही. पण आपले फोटो आणि ती वही मालकांना द्या, त्यांची बाजू भक्कम होते. सोसायटी झाली असेल, तर गच्चीची आणि सामाईक पाईपची गळती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने बघायची असते.

प्रश्न : घर सोडताना रंगाचे म्हणून डिपॉझिट कापतात, त्याचं काय?
उत्तर : राहायला जाताना प्रत्येक भिंतीचे फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवा. डाग आधीचा की नंतरचा हा वादच उरत नाही. तरीही पैसे अडले, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

वेळ संपत आली. घरी गेल्यावर आजच पश्चिमेकडच्या भिंतीवर हात फिरवून बघा, आणि थंड, दमट लागली तर पेन्सिल घ्या.