निरोप कुठल्या वाटेने जाईल?

मंडळी, 2019ची दिवाळी आठवते का? 27 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, आणि इकडे सोनोमात वणवा पेटलेला. वाऱ्याने तारा तुटून नवी आग लागू नये म्हणून वीज मुद्दाम बंद ठेवली होती. आमच्या मरिन काउंटीत जवळपास सगळीकडे अंधार, आणि निम्म्याहून अधिक मोबाइल टॉवरही गप्प. मी बॅटऱ्या आणायला पुलापलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो होतो. घरी सांगलीहून आलेले आई-बाबा. चार तास त्यांच्याशी एक शब्द बोलता आला नाही. परतलो तेव्हा आई पणत्या लावून दारातच बसली होती.

त्यानंतर आम्ही पाच कुटुंबांनी ठरवलं, आपलं आपण मेश नेटवर्क उभारायचं. म्हणजे टॉवरशिवायचं जाळं: प्रत्येक यंत्र स्वतःचा निरोप पाठवतं, दुसऱ्याचा आला तर पुढे देतं. यंत्रं विकत मिळतात. निरोप कोणामार्फत जावा हे ठरवणारा राउटिंग प्रोटोकॉल मात्र आपल्याला निवडावा लागतो, आणि तिथेच मी चुकलो. तुम्ही चुकू नये म्हणून हा लेख.

पुण्यात पत्ता शोधायच्या दोन तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहेत. एक, निघण्याआधी सगळ्या पेठांचा नकाशा पाठ करायचा. दुसरी, बेधडक निघायचं आणि अडलं की चौकात विचारायचं. (चौकात काय उत्तर मिळेल, हा वेगळा विषय.) ओएलएसआर हा प्रोटोकॉल पहिल्या जातीचा, एओडीव्ही दुसऱ्या. मी एमएसला ओएलएसआर शिकलो होतो, म्हणून तोच घेतला. याहून चांगलं कारण माझ्याकडे नव्हतं.

एका रविवारी तीन राउटर छपरांवर ठेवले, दोन गाड्यांत. छपरांचं आपसात झकास जमलं. गाड्या निघाल्या आणि निरोप हरवू लागले. कारण साधं होतं. ओएलएसआरमध्ये यंत्र दर 2 सेकंदांनी शेजाऱ्यांना हाक मारतं, आणि शेजारी 6 सेकंद गप्प राहिला तरच तो गेला असं धरतं. ताशी 40 मैलांनी जाणारी गाडी तेवढ्यात शंभर मीटरच्या पुढे, टेकडीआड गेलेली असते. नकाशात ती अजून जुन्याच वळणावर! लांबच्या यंत्रांना ही खबर त्याहून उशिरा लागते. मग मी हाका अर्ध्या सेकंदावर आणल्या. तर हाकांचीच इतकी गर्दी झाली की निरोपांना जागा उरेना.

पुढच्या रविवारी एओडीव्हीवरच बेतलेला एचडब्ल्यूएमपी लावला. लिनक्समध्ये तो तयारच असतो. वाट तुटली की तो पुन्हा विचारपूस करतो. पहिला निरोप रेंगाळला, पण पोचला. फिरणारी यंत्रं पुष्कळ आणि बोलणं तुरळक, तर ही तऱ्हा बरी. सगळेच सारखे बोलू लागले, तर मात्र विचारपूसच डोईजड होते.

तेव्हा प्रोटोकॉलची नावं पाठ करण्याआधी स्वतःला विचारा: हलणार काय, किती वेगाने? किती वेळा बोलायचंय? आणि बोलायचंय तरी काय? आम्हाला तिसऱ्या प्रश्नाने वाचवलं. गाडीतून व्हिडिओ कोणालाच पाठवायचा नव्हता. ‘मी ठीक आहे, येतोय’ एवढंच.

त्याला वाट शोधायचीही गरज नसते, दवंडी पुरते. मेशटॅस्टिकची लोरा रेडिओवर चालणारी छोटी यंत्रं जवळजवळ तेच करतात. ज्याला निरोप सर्वांत क्षीण ऐकू आला, तो बहुधा सर्वांत लांब असणार. म्हणून तो आधी पुकारतो, आणि ते ऐकून मधले बहुतेक गप्प बसतात. निरोप किती जणांनी पुढे द्यायचा यालाही मर्यादा असते. मुळात 3, फार तर 7. पाच कुटुंबांना हे छान पुरतं. अधिवेशनाच्या गर्दीत शेकडो यंत्रं एकदम बोलू लागली, तर हीच दवंडी गळा घोटेल.

छपरांवर आता बेबल हा प्रोटोकॉल आहे. वाटा बदलत असताना निरोप गोल गोल फिरत राहू नयेत, याची तो काळजी घेतो. गाड्यांत आणि खिशांत लोरा. आई-बाबा यंदा पुन्हा आलेत. आईच्या पर्समधलं यंत्र दर शुक्रवारी चार्ज करायचं काम नातवाकडे आहे, आणि बाबा टेकडीपलीकडे फिरायला गेले की तिथून ‘चहा टाका’ एवढंच पाठवतात.