वडीलधाऱ्यांची खोली आणि थंडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातली थंडी चार दिवसांची, तिच्यासाठी घरात वेगळे काही करायला नको, ही समजूत कोकणपट्टीत खपून जाते, खानदेश-विदर्भात नाही. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला काही हिवाळ्यांत पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली गेला आहे. नागपूर, गोंदिया, जळगाव इथे डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० अंशांच्या आत येणे नवलाचे नाही. थंडीच्या दिवसांत घरातले तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अशा गावांतल्या पत्र्याच्या खोलीत पहाटे हा आकडा फार दूर राहतो.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे : आजी-आजोबा तक्रार करत नाहीत, म्हणजे त्यांना थंडी बाधत नाही. उतारवयात गारव्याची जाणीव बोथट होते, कुडकुडणे कमी होते आणि कुडकुडून ऊब निर्माण करणारे स्नायूही घटलेले असतात. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो; हिवाळ्यात हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके वाढतात, त्यामागचे हे एक मोठे कारण. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली उतरले की माणूस गोंधळतो, जीभ जड होते, आणि घरचे ते वयावर ढकलतात. म्हणून ‘थंडी वाजते का’ असे नुसते विचारण्यावर विसंबू नये. खोलीत एक साधा तापमापक टांगावा.

उपाय म्हटला की आधी हीटर सुचतो. खरे तर पहिला खर्च छतावर व्हायला हवा. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे त्याच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकते ते त्यामुळेच. पत्र्याखाली चार-सहा इंच जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे किंवा प्लायवूडचे सीलिंग मारले, की मधली कोंडलेली हवा उष्णता अडवते. मे महिन्यात तेच सीलिंग उन्हाचा तापही अडवते, त्यामुळे हा खर्च दोन्ही ऋतूंत कामी येतो. थर्माकोल स्वस्त पडतो, पण तो पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो. जिथे चूल किंवा देवघरातला दिवा आहे, त्या खोलीत तो लावूच नये.

वाड्याच्या जाड दगडी भिंती ऊब धरतात, हे अर्धेच खरे. दगड उष्णता साठवतो, पण फारशी अडवत नाही. ऊन न लागणारी उत्तरेची भिंत रात्रभर खोलीतली ऊब ओढत राहते. खाट तिथून हलवायला पैसे लागत नाहीत. त्या जागी कपाट ठेवले तर आणखी बरे.

दाराखालची फट किरकोळ वाटते. तीन फूट रुंद दाराखाली अर्ध्या इंचाची फट म्हणजे १८ चौरस इंचांचे भोक. भिंतीला एवढे भोक पडले तर कोणीही ते त्याच दिवशी बुजवेल. जुन्या सुती साडीची घट्ट गुंडाळी रात्री दाराशी सारली तरी भागते, फक्त ती पायात येणार नाही हे बघावे. खिडक्यांचे पडदे मात्र दिवसभर ओढून ठेवणे चूक. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. नाशिकला डिसेंबरअखेरीस भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा ऊन आत खोलवर येते. ते येऊ द्यावे आणि सूर्य मावळायच्या आत पडदे ओढावेत.

पांघरुणांवर पांघरुणे घातली तरी पाठ गार राहते, कारण ऊब खालूनही जाते. अंगाच्या भाराने गादीतला कापूस दबतो, गुठळ्या होतात आणि त्यातली हवा निघून जाते. पिंजाऱ्याकडून गादी पिंजून घेतली आणि खाली घोंगडी अंथरली, की नव्या रजईपेक्षा जास्त फरक पडतो.

एवढे झाल्यावर हीटर. महागडा ऑइल हीटर त्याच विजेत जास्त ऊब देतो, ही समजूत चुकीची आहे. १००० वॅटचा कोणताही हीटर तासाला एक युनिट जाळतो आणि तेवढीच उष्णता देतो. ऑइल हीटरमध्ये लालबुंद तार उघडी नसते, हा त्याचा खरा फायदा. २००० वॅटच्या हीटरला १६ अँपिअरचे सॉकेट लागते. एक्स्टेंशन बोर्डावर तो लावू नये. विजेचा हीटर खोलीतला प्राणवायू संपवतो, हेही खरे नाही. त्यात काही जळत नाही. हवा तापल्याने सापेक्ष आर्द्रता घटते आणि घसा कोरडा पडतो, इतकेच.

प्राणवायू खाते ती शेगडी. धूर ओसरला, नुसते निखारे उरले, म्हणजे ती खोलीत आणायला हरकत नाही, हा समज जिवावर बेततो. कार्बन मोनॉक्साइड निखाऱ्यांतूनच निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. फटी बुजवलेल्या खोलीत हा धोका वाढतो. त्यामुळे शेगडी अंगणातच हवी आणि गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला हवा.