चाचणी मिनिटभराची, फेऱ्या मात्र अनेक

गर्भाशयमुखाचा कर्करोग एकाएकी उद्भवत नाही. ‘एचपीव्ही’ या विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिला, तर तेथील पेशींमध्ये बदल होऊ लागतात. त्या बदलांचे कर्करोगात रूपांतर होण्यास साधारणपणे दहा-पंधरा वर्षे लागतात. सावध होण्यास इतका अवधी देणारे कर्करोग फार थोडे. तरीही २०२२ या एका वर्षात भारतातील सुमारे ८० हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेतली होती.

तपासणी अवघड असल्यामुळे असे घडते, असे म्हणता येत नाही. सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, गर्भाशयमुखाला लावून मिनिटभर थांबायचे. पेशींत बदल झालेला भाग पांढरा दिसू लागतो. प्रशिक्षित परिचारिकाही हे करू शकते. विषाणूच शोधणारी एचपीव्ही चाचणी याहून अचूक. तिचा भक्कम पुरावा तर आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातच मिळाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९पासून एक लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटाला केवळ एकदा ही चाचणी देऊ केली गेली, त्या गटातील या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले.

मग अडते कुठे? पहिली अडचण वयाची. आरोग्ययंत्रणेची आणि स्त्रीची गाठ पडते ती गरोदरपणात, बाळंतपणात, बाळाच्या लसीकरणाच्या वेळी. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ही तपासणी ३० ते ६५ या वयात, दर पाच वर्षांनी व्हायला हवी. नेमक्या याच काळात पुष्कळ स्त्रियांची दवाखान्याची वाट सुटलेली असते. मुले झाली, शस्त्रक्रिया झाली, आता डॉक्टरकडे जायचे कशाला? दुखत-खुपत काहीच नसते, आणि अंगावरून पांढरे जाणे हे तर बाईच्या जातीला चुकलेले नाही, असे समजून सोडून दिले जाते.

त्यात संकोच आहेच. तपासणारा डॉक्टर पुरुष असेल, आडोसा नीट नसेल, तर आलेली स्त्रीही परत फिरते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे कळले की घरात संशयाला तोंड फुटेल, ही भीती त्याहून खोल. वास्तविक बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा संसर्ग होतो आणि बहुतेकांचा आपोआप निवळतो. विषाणू कित्येक वर्षे सुप्तही राहू शकतो. त्यामुळे चाचणीच्या निष्कर्षावरून कोणाच्याही निष्ठेचा पडताळा होत नाही. हे तपासणीपूर्वीच, आणि शक्य तर नवऱ्यालाही, स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

परंतु सर्वांत मोठी गळती त्यानंतर होते. तपासणीत दोष आढळला की पुढच्या तपासासाठी मोठ्या इस्पितळात बोलावले जाते, मग अहवालासाठी, मग उपचारासाठी. काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीच्या गोमेकॉत जायचे म्हणजे दिवसाचा रोज बुडणार, सोबतीला येणाऱ्याचाही बुडणार. स्वतःला काही होत नसताना इतक्या फेऱ्या घालणे कोणालाही जड जाते. वस्तुतः कर्करोगपूर्व अवस्थेतील दोष उष्णतेने किंवा अतिशीत उपचाराने बहुधा काही मिनिटांत, भूल न देता काढता येतो. योग्य रुग्णांची तपासणी आणि उपचार एकाच भेटीत उरकावेत, हा मार्ग जागतिक आरोग्य संघटनेलाही मान्य आहे. शिबिरात किती स्त्रिया तपासल्या, हा आकडा छायाचित्रासह झळकतो. दोष आढळलेल्यांपैकी किती जणींवर उपचार झाले, हा आकडा क्वचितच विचारला जातो.

रोग वाढल्यावर कळला, तर फेऱ्यांचे गणित आणखी कठोर होते. किरणोपचार बहुधा सुमारे पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. त्याच्या जोडीला केमोथेरपी आणि नंतर आतून द्यावयाचे किरणोपचार. हे सारे सुमारे आठ आठवड्यांच्या आत पुरे झाले नाही, तर रोग आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते. औषधांचा खर्च योजनेतून भागला, तरी राहण्याची सोय, प्रवास आणि घरचा स्वयंपाक हे प्रश्न उरतातच. कित्येकींचे उपचार अर्धवट राहतात ते यापायी.

इतर राज्यांत घरोघरी जाणाऱ्या आशा सेविका अशा रुग्णांचा पाठपुरावा करतात. गोव्यात ती फळी नसल्याने हा भार परिचारिका आणि अंगणवाडी सेविकांवर येतो. त्यांच्या हाती स्वनमुन्याचा संच दिला, तर संकोचाचा अडसर पुष्कळसा दूर होईल: स्त्रीने स्वतःच, घरी किंवा बंद खोलीत, योनीमार्गातील नमुना काडीने घ्यायचा आणि तो एचपीव्ही चाचणीसाठी द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केली आहे. रजोनिवृत्तीनंतर व्हिनेगरची चाचणी तितकीशी विश्वासार्ह राहत नाही. तेव्हाही ती उपयोगी पडते.

मात्र रजोनिवृत्तीनंतर, शरीरसंबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, तर शिबिराची अथवा संचाची वाट पाहू नये. थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे.