लेक परदेशात, जात सामानात

चांदवडच्या कांद्याच्या खळ्यावर दिवसभर कांदा निवडून संध्याकाळी घरी येणारी एक मायमाउली आमच्या ओळखीची आहे. सीझनला द्राक्षबागेत थिनिंगला जाते. नवरा गेला तेव्हा पोरगी सातवीत होती. त्या पोरीला या बाईने शिकविले, इंजिनीअर केले आणि शिष्यवृत्तीवर परदेशी पाठविले. वस्तीत पेढे वाटले गेले, विहारात सत्कार झाला. सत्कारात भाषण आम्हीच ठोकले!

त्याच मायलेकी मागे आठ दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. कारण काय, तर व्हिडिओ कॉलवर आईला लेकीच्या खोलीतली भिंत दिसली. आईने बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवून दिलेला बाबासाहेबांचा फोटो त्या भिंतीवर नव्हता. तो कपाटात होता. खोलीत सोबत राहणाऱ्या दोन मुली महाराष्ट्रातल्याच, आडनावे तुम्ही ओळखली असतील. पोरगी म्हणाली, "आई, मला इथं दोन वर्षं काढायचीत." आई म्हणाली, "ज्याच्यामुळं गेली, त्यालाच कपाटात कोंडलं का?" आणि फोन ठेवून दिला.

हे भांडण आमच्यापर्यंत आले तेव्हा आम्ही तत्काळ निकाल दिला. पोरगी चुकली, शिकली आणि विसरली. चळवळीतल्या आमच्यासारख्या माणसांना असा निकाल द्यायला वेळ लागत नाही.

पण वाचकहो, गोष्ट एवढी सोपी नव्हती.

परदेशात गेलेल्या कुटुंबांतील आई आणि मुलगी यांच्या संघर्षावर जगात पुष्कळ कथा-कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. एमी टॅन या चिनी वंशाच्या अमेरिकन लेखिकेची 'द जॉय लक क्लब' १९८९ साली आली. तिच्यात चीनमधून अमेरिकेत आलेल्या आया आहेत आणि अमेरिकेत वाढलेल्या मुली आहेत. आईला वाटते पोरीने पियानो वाजवून नाव काढावे, पोरीला वाटते मी आहे तशी का चालत नाही? झुंपा लाहिरींच्या २००३ च्या 'द नेमसेक'मध्ये बंगाली आई अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात कोलकाता शोधत असते. या साहित्याचा एक साचा ठरून गेला आहे. आई म्हणजे जुना देश, मुलगी म्हणजे नवा देश. आई संस्कृती जपते, मुलगी ती झुगारते. आपल्याकडच्या प्रस्थापितांच्या अमेरिकेतल्या कौटुंबिक कथांतही हेच. गणपती, मोदक, मुंज, आणि मुलीने गोरा जावई आणला म्हणून रडणारी आई.

आमचा सवाल असा आहे, की आमच्या आईने कोणती जुनी संस्कृती जपायची? येसकरपाळीची? गावकीच्या शिळ्या तुकड्यांची? १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या आया-आज्यांनी देव्हाऱ्यातले देव उचलून नदी-विहिरीत टाकले. संस्कृती झुगारण्याचे काम आमच्या घरात मुलीच्या आधी आईने केले. त्यामुळे तो साचा आमच्या घराला लागू पडत नाही. आमच्याकडे आई बंडखोर आहे आणि तिच्या बंडाचा वारसा लेकीने कसा वागवायचा, हे भांडण आहे. भिंतीवरचा फोटो ही त्या आईची रूढी नव्हे. ती तिच्या आयुष्याची कमाई आहे. लेकीला मात्र तोच फोटो ओळख उघडी करणारा वाटला.

आणि तिची भीती काल्पनिक म्हणावी का? २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या कौन्सिलने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले, पण ऑक्टोबरात गव्हर्नरांनी ते नामंजूर केले. सातासमुद्रापार जातच नसती, तर तिच्यावर बंदी घालायची वेळ कशाला आली असती? पासपोर्टावर जात छापत नाहीत, पण आपली माणसे ती सामानात भरून नेतात.

यशिका दत्त या अजमेरच्या दलित मुलीचे 'कमिंग आऊट अ‍ॅज दलित' हे आत्मकथन २०१९ साली आले. ही कादंबरी नव्हे, घडलेले आयुष्य आहे. तिच्या आईने तिला इंग्रजी शाळेत घातले आणि जात कुणाला कळू दिली नाही. मुलगी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली, म्हणजे जिथे १९१३ साली बाबासाहेब गेले होते तिथेच. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला आणि या मुलीने आईने जन्मभर झाकलेले जगासमोर सांगून टाकले. तिथे आईने लपवले आणि लेकीने सांगितले. आमच्या चांदवडात आईने मिरवले आणि लेकीने कपाटात ठेवले. दोन्ही घरांत मायलेकींच्या मधे उभी आहे ती जात. संस्कृती हे तिचे गोड नाव.

आमच्या लेखिकांनी हे दुखणे परदेशी जाण्याआधीच लिहून ठेवले आहे. गावातून शहरात जाणे हेही देशांतरच असते. ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) वाचा. कोकणातली आई बांबूची आयदाने विणते, लेक मुंबईत नोकरी, संसार, शिक्षण, चळवळ एकत्र विणते, आणि आईचे विणणे व आपले लिहिणे यांचा धागा एकच असल्याचे तिला उमगते. बेबीताई कांबळे फलटणला दुकान चालवता चालवता 'जिणं आमुचं' लिहीत होत्या, आणि ते लिखाण वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवत होत्या. म्हणजे लपवणे हे काही परदेशी गेलेल्या मुलीनेच शोधून काढलेले नाही.

इथे चांदवडचीच एक आठवण काढणे भाग आहे. ९ व १० नोव्हेंबर १९८६ ला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन याच गावात झाले. लाखावर बाया आल्या. 'चांदवडची शिदोरी' म्हणून ते विचार गाजले. पुढे लक्ष्मीमुक्तीत नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करावी असे ठरले, चांगलेच झाले. पण ज्या घरात नवऱ्याच्याच नावावर गुंठा नाही, त्या बाईने लेकीला शिदोरी काय बांधायची? या मायमाउलीने वह्या-पुस्तके बांधली आणि वर एक फोटो ठेवला.

आता आमच्याविषयी. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका आणि लग्न केलेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे असे सांगितले. आम्ही ते दरवर्षी भाषणात सांगतो. आणि हीच पोरगी चोविशीची होताच तिच्या आईकडे स्थळ घेऊन कोण गेले? आम्ही! वर "आपल्यातलाच आहे" असेही म्हणालो, आणि त्या 'आपल्यातला'मध्ये पोटजात बेमालूम बसवलेली होती. धम्म घेतला, पोटजात ठेवली. फोटो कपाटात ठेवणाऱ्या पोरीला बोल लावताना आम्हाला हे आठवले नाही.

आठवण करून दिली ती आईनेच. नवव्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो तर ती खळ्यावरून नुकतीच आली होती. हाताला कांद्याचा वास. आम्ही तोच निकाल पुन्हा सुरू केला. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "भाऊ, पोरगी दहावीला होती तवा नाशकाला खोली घेतली व्हती क्लाससाठी. मालकीणबाईनं इचारलं, कोन तुमी? म्या दुसरंच सांगितलं. पोरगी शेजारीच उभी व्हती."

एवढे बोलून ती उठली आणि चुलीवर पाणी ठेवले. फोन तिनेच लावला होता, आदल्या रात्री. फोटोचा विषय निघाला नाही, म्हणाली. जेवली का, थंडी किती, इतकेच. पोरीने आपणहून कपाट उघडून दाखवले. कपड्यांच्या घडीत, आईने ठेवला होता तसाच.

निघताना आम्ही यशिका दत्तच्या पुस्तकाची गोष्ट तिला सांगितली. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "पोरीनं लिव्हलं ते बरं केलं. पर तिच्या आईनं काही लिव्हलं का?"