डोमेन म्हणजे काय? पत्ता शेवटाकडून वाचा



सौर पंप असो की अवजारे, अनुदानाचा अर्ज हल्ली वेबसाइटवर भरावा लागतो. वेबसाइटच्या नावाला ‘डोमेन’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ताब्यातील मुलूख, म्हणजेच हद्द. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाच्या ध्यानात आकडे राहत नाहीत, म्हणून नावे देण्याची ही पद्धत १९८३ साली निघाली.

हे नाव वाचावे कसे? टपालाचा पत्ता आपण असा लिहितो : मुक्काम अमुक, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. लहान ठिकाण आधी, मोठे शेवटी. डोमेनचेही तसेच. ‘महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ हा पत्ता घ्या. शेवटचे ‘इन’ म्हणजे भारत, ‘जीओव्ही’ म्हणजे सरकार, त्याआधी राज्य आणि सर्वांत आधी घर. ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट सरकारी यंत्रणेलाच मिळतो. नुसते ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ पैसे भरून कोणालाही घेता येते.

ठग नेमके येथेच फसवितात. २०१९ साली मंजूर झालेल्या कुसुम योजनेच्या नावाने बनावट वेबसाइट काढून नोंदणीचे पैसे उकळले गेले. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला त्याबद्दल जाहीर इशारे द्यावे लागले. अशा पत्त्यात ‘कुसुम’, ‘योजना’, अगदी ‘जीओव्ही’ही सुरुवातीला असू शकते. दारावर पाटलाचे नाव रंगविले म्हणून वाडा पाटलाचा होत नाही.

तेव्हा एवढे करावे :

१. सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधावी. डोमेन तिच्याआधी संपते. तेथून मागे वाचावे.

२. महावितरणचा पत्ता ‘महाडिसकॉम डॉट इन’ असा आहे. तो खराच आहे. असे पत्ते वीजबिलावर किंवा कार्यालयात पडताळून घ्यावेत.

३. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक दाबून पैसे भरू नयेत. ओटीपी कोणालाही सांगू नये.

४. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

घरातील शिकणाऱ्या मुलामुलींकडून हे एकदा मोबाइलवर करवून पाहावे. बियाण्याच्या पिशवीवरील लेबल वाचल्याशिवाय आपण पैसे देत नाही. येथेही तोच नियम पाळावा.